तारुण्यपीटिका निरीक्षण उपसमिती

मूल वाढते, ही गोष्ट शास्त्राने सिद्ध केली असली तरी आमच्या मंडळाने तिला अद्याप मंजुरी दिलेली नाही. घाईने मंजुरी देण्याची आमची पद्धतच नाही. सभागृहातला पंखा दुरुस्त करावा की नाही, हा विषय आम्ही सात वर्षे विचारात घेतला होता, आणि आठव्या वर्षी पंखा आपला आपण खाली पडला. नीट विचार केला की प्रश्न सुटतात, हा आमचा अनुभव आहे.

मंडळ म्हणजे दक्षिणी हितवर्धक मंडळ, झाशी. (आम्हाला येऊन दोनशे वर्षे झाली. इथले लोक अजून 'दक्षिणी' म्हणतात आणि आम्ही अजून 'इथले लोक' म्हणतो, म्हणजे फिटंफाट आहे.) दतिया गेटजवळ, भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचे सभागृह. सभासद कुटुंबे एक्केचाळीस. पैकी घरात मराठी बोलणारी चोवीस, मराठीत रागावणारी अडतीस. मी चिटणीस. जे झाले ते लिहिणे हे चिटणिसाचे काम, असा एक गैरसमज आहे. जे व्हायला हवे होते ते लिहिणे, हे चिटणिसाचे काम.

मंडळाचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे नवरात्रातल्या अष्टमीचे कुमारिकापूजन. नऊ पाट, नऊ मुली, त्यांचे पाय धुवायचे, हळदकुंकू, ओटी, पुरणाचे जेवण. त्याच दिवशी शेजारची हिंदी घरेही मुली जेवायला बोलावतात, पण त्यांना कोणतीही मुलगी चालते. सात मिळाल्या तर सात, आणि एखादा धाकटा भाऊ मागे लागून आला तर त्यालाही पुरी मिळते. आमच्याकडे असली बजबजपुरी नाही. नऊ म्हणजे नऊ, मंडळाच्याच घरातल्या, आणि कुमारिका म्हणजे नियम चौदाप्रमाणे 'जी कुमारिका आहे अशी मुलगी.' व्याख्या इतकी स्पष्ट आहे की तिचा अर्थ कुणी कधी विचारला नाही. सर्वांना ठाऊक होता. जुन्या बायका 'कावळा शिवला' म्हणत, त्याहून जुन्या 'न्हाण आलं' म्हणत, आणि पुरुष खाकरत. तसे काही झाले की मुलगी पाटावरून उठायची.

सन १९८७ मध्ये मंडळाकडे पात्र मुली मोजून नऊ होत्या. दहाव्या मुलीचे वडील बदली होऊन इटारसीला गेले होते.

पाट क्रमांक चारवर कांचन बसे आणि पाचवर बकुळ. दोघी सीपरी बाजारात राहत, एकाच कन्या शाळेत आठवीत होत्या आणि पहिलीपासून एका बाकावर बसत होत्या. पाटांचे क्रमांक कसे ठरले याची नोंद नाही. दोघींना वेगळे बसवले की दोघीही जेवत नसत, एवढेच जुन्या इतिवृत्तात आहे. बकुळला खिरीतले बेदाणे आवडत नसत. ते ती वेचून कांचनच्या वाटीत टाके. कांचनला अळूवडीने घसा खाजे. ती बकुळच्या पानात जाई. सात वर्षे हा व्यवहार मंडळाच्या डोळ्यांदेखत आणि परवानगीशिवाय चालू होता. कांचनला देवी व्हायचे नव्हते, हे इथेच सांगून ठेवतो. तिला पाट क्रमांक चार हवा होता, कारण पाच क्रमांकावर बकुळ होती.

नागपंचमीच्या दिवसांत कांचनच्या हनुवटीवर एक मुरूम दिसला.

तो प्रथम शकुंतलाकाकूंनी पाहिला. शकुंतलाकाकू महिला शाखेच्या प्रमुख, आणि त्यांच्या नजरेतून नारळाची शेंडीसुद्धा सुटत नाही. दुसऱ्या दिवशी मुरूम तीन झाले. तिसऱ्या दिवशी कार्यकारिणीची तातडीची सभा भरली.

अध्यक्ष आबासाहेब नहर विभागातून निवृत्त झालेले. सत्तावीस वर्षे त्यांनी कालव्यातले पाणी मोजले होते. त्यांनी विषय मांडला.

"प्रश्न असा आहे की कांचन... मोठी झाली का?"

"उंचीनं झालीये तशी," कांचनची आई इंदिराबाई म्हणाल्या.

"उंचीचं नाही हो, वहिनी. तसं काही?"

"नाही हो, तसं काही नाही अजून."

"तसं म्हणजे कसं?"

"म्हणजे तुम्ही म्हणताय तसं."

"मी कुठं काय म्हटलं?" आबासाहेबांनी सभेकडे पाहिले. सभेने छताकडे पाहिले, जिथे पूर्वी पंखा होता.

साक्ष संदिग्ध असल्याची नोंद मी घेतली. इंदिराबाईंना उत्तर माहीत होते आणि सभेला प्रश्न माहीत होता. अडचण एवढीच की दोघांच्या मधला शब्द कुणाकडे नव्हता. शकुंतलाकाकू एकतीस वर्षे ऋषिपंचमीचा उपास करीत आल्या आहेत. तो ज्या कारणासाठी करतात, ते कारण त्यांनी आजवर स्वतःच्या बहिणीपाशीही काढलेले नाही. परंपरा टिकते ती अशा माणसांमुळे.

तेव्हा कमल उठली. कमल सरकारी दवाखान्यात नर्स; मंडळात तिला सगळे सिस्टर म्हणतात आणि बाळंतपण असल्याशिवाय बोलावत नाहीत.

"अहो, एवढं काय त्यात? पोरीला सुरू झाली की नाही, एवढंच विचारायचंय ना तुम्हाला?" आणि मग तिने तो शब्द उच्चारला. दोन अक्षरांचा. मोठ्याने, दवाखान्यात 'ताप' म्हणतात तसा. "आणि मी म्हणते, विचारायचंच कशाला? ज्या पोरी येतील त्यांना जेवू घाला की."

एका ज्येष्ठ सभासदांचा चहा बशीतच राहिला. दुसऱ्यांनी कानातले यंत्र काढून खिशात ठेवले. 'सदर शब्द कामकाजातून वगळण्यात यावा,' असा ठराव आला. त्याला अनुमोदन द्यायला सात हात वर गेले. मंडळाच्या इतिहासात एवढी एकजूट पूर्वी फक्त पंख्याच्या बाबतीत दिसली होती. शब्द वगळण्यात आला.

"विचारण्याची गरजच नाही," आबासाहेब म्हणाले. "आम्ही सत्तावीस वर्षांत पाण्याला कधी विचारलं नाही, बाबा, तू किती आहेस. पट्टी वाचली, लिहिलं, सही केली."

अशा रीतीने तारुण्यपीटिका निरीक्षण उपसमिती स्थापन झाली. अध्यक्ष आबासाहेब, सदस्य शकुंतलाकाकू, चिटणीस मी. तर्क निर्दोष होता. मुलगी मोठी झाली की मुरूम येतात. म्हणून मुरूम आले की मुलगी मोठी झाली. म्हणून मुरूम नसतील तर मुलगी लहान. यात कुठेही तो शब्द येत नाही, हे या तर्काचे सौंदर्य.

चेहऱ्याचे पाच हलके (नहर विभागात भागाला हलका म्हणतात) पाडण्यात आले: कपाळ, डावा गाल, उजवा गाल, नाक, हनुवटी. पिकलेला मुरूम एक धरावा. येण्याच्या बेतात असलेला अर्धा. बसून डाग राहिलेला पाव. एकूण सातच्या वर गेल्यास मुलगी अपात्र. (सातच का, असे मी विचारले. आबासाहेबांच्या कालव्यात धोक्याची पातळी सात फुटांवर होती.) मोजणी दर रविवारी संध्याकाळच्या आरतीनंतर, मुली प्रसादासाठी रांगेत उभ्या असताना, ट्यूबलाइटखाली. शकुंतलाकाकू मुलीच्या हातावर साखरखोबरे ठेवीत आणि हनुवटी किंचित वर करीत. आबासाहेब हळू आवाजात "उजवा गाल तीन" असे म्हणत. मी वहीत लिही. धाकट्या मुलींना वाटे, हाऊजी चालली आहे. एकीने "लाइन!" म्हणून ओरडूनही घेतले.

पहिल्या मोजणीत कांचन अकरा भरली. घाबरून इंदिराबाईंनी उपाययोजना हाती घेतली. मुलतानी मिट्टी, हळद आणि साय, कडुलिंबाचा पाला वाटून, समोरच्या भाभींनी खात्रीने सांगितलेली टूथपेस्ट, एका वैद्याचा काढा, ज्याचा वास सीपरी बाजारातल्या रिक्षावाल्यांनाही ओळखू येऊ लागला. तळलेले बंद, गोड बंद, आरसा बंद. सहा आठवड्यांच्या या अखंड उपचारांनी अकराचे सोळा झाले.

अंतिम तक्ता असा: नऊ मुली, एकूण साडेएकोणीस. त्यांत कांचन सोळा. बकुळ शून्य. उरलेल्या सात मुलींत मिळून साडेतीन (यांतले दोन फेरतपासणीत डास निघाले). बकुळच्या पाचही हलक्यांत काही नव्हते. तिचा चेहरा धुतलेल्या स्टीलच्या ताटासारखा होता, आणि उपसमितीने तो आदर्श चेहरा म्हणून नोंदवला.

आता एक गोष्ट, जी इतिवृत्तात नाही. मला ती पुष्कळ उशिरा कमलकडून कळली.

जुलैमध्ये शाळा सुरू होऊन दहा दिवस झाले होते. चौथ्या तासाला, भूगोलात, बकुळ बाकावरून उठेना. कांचनने पाहिले आणि तिला कळले. सुट्टी होईपर्यंत दोघी बसून राहिल्या. मग शाळेपासून सीपरी बाजारापर्यंत कांचन बकुळच्या अगदी मागे चालली, स्वतःचे दप्तर तिच्या पाठीमागे धरून, अडीच किलोमीटर. घरी न जाता दोघी आधी कमलच्या दारात गेल्या. कमलने जे सांगायचे ते दहा मिनिटांत सांगितले, लिंबू सरबत दिले, आणि बकुळने दोघींकडून शपथ घेतली की कुणाला सांगायचे नाही. आईलासुद्धा तिने अष्टमीनंतर सांगायचे ठरवले होते, कारण आईला सांगितले की पाट गेला, आणि पाट गेला की कांचन तिथे एकटी.

म्हणजे ज्या मुलीला मंडळाने मोठी ठरवले ती मोठी झाली नव्हती, आणि जी मोठी झाली होती ती मंडळाची आदर्श कुमारिका होती. उपसमितीच्या कामात एवढी बारीक चूक वगळता बाकी सर्व बरोबर होते.

कांचनच्या अपात्रतेची बातमी दुसऱ्या दिवशी शाळेत पोहोचली. वर्गातल्या बाकीच्या मुलींना कुमारिकापूजनाच्या नियमांशी काही कर्तव्य नव्हते, पण सोळा हा आकडा त्यांना आवडला. कांचनचे नाव 'बूंदी' पडले.

"ए बूंदी, लड्डू कब बनेगी?"

आणि त्याच आठवड्यात बकुळने बाक बदलला. ती खिडकीजवळ, स्वच्छ चेहऱ्यांच्या मुलींत जाऊन बसली. मधल्या सुट्टीत नळापाशी कांचनने तिला गाठले.

"तिकडे काऊन बसतेस गं?"

"तिकडून ब्लॅकबोर्ड नीट दिसतो."

"आठ वर्षं दिसला नाही?"

"नंबर वाढला असेल माझा."

"मी कुणाला सांगणार नाही, बकुळ. खाऊन टाकलीये शपथ मी."

"काय सांगणार नाहीस?" बकुळ नळ बंद करीत म्हणाली. "सांगण्यासारखं काही आहेच कुठे?"

हे ऐकल्यावर कांचन घरी गेली आणि बंदी मोडून तिने आरसा पाहिला, असे कमल म्हणते.

रिकाम्या झालेल्या चौथ्या पाटासाठी मंडळाने मोठ या जवळच्या गावाहून मुलगी मागवली. मोठच्या गल्ला मंडीत, म्हणजे धान्यबाजारात, आपल्यातले एक कुटुंब आहे. त्यांची दुर्गा चार वर्षांची. मराठीत तिला 'आई' आणि 'नको' एवढे दोन शब्द येत. मुरूम शून्य. अष्टमीला सकाळच्या पहिल्या बसने तिला आणले, परकर-पोलके घातले, आणि पाटावर ठेवताच तिने दोहोंपैकी दुसऱ्या शब्दाचा उपयोग सुरू केला.

कांचनला मंडळाने वाऱ्यावर सोडले नव्हते. तिला जलव्यवस्था प्रमुख नेमले होते. म्हणजे तांब्या तिच्या हातात. तिने प्रत्येकीच्या पायांवर पाणी घालायचे आणि शकुंतलाकाकूंनी पाय पुसायचे. ज्या पाटावर आपण बसायचो त्या पाटाचे पाय धुवायला मिळणे हा मान थोड्यांच्या वाट्याला येतो.

पहिल्या तीन मुली झाल्या. चौथ्या पाटावर दुर्गा हातपाय झाडत होती. कांचन वाकली, तशी ती एकदम थांबली. तिने बोट पुढे केले आणि कांचनच्या गालावर टेकवले.

"दीदी, तुमाए मों पै जे का लगो है?"

तोंडावर हे काय लागलंय, हा प्रश्न सबंध सभागृहाने ऐकला. कांचनने तांब्या सरळ धरला.

"बूंदी," ती म्हणाली.

"हमें सोई चाने!" म्हणजे मलापण पाहिजे. दुर्गाने आपला गाल पुढे केला.

कांचनला हसू आले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. आणि शेजारच्या पाटावर, खाली मान घालून बसलेली बकुळही हसली. दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि लगेच दोघींनी हसणे बंद केले.

पाचवा पाट आला.

"कांचन, आता जरा लांबून ओत हं," शकुंतलाकाकू म्हणाल्या. "बकुळला शिवू नकोस."

कांचनच्या हातात तांब्या होता आणि तोंडात, तिने मनात आणले असते तर, एकच वाक्य होते. त्या वाक्याने तिचा पाट परत आला असता, बूंदी बकुळच्या अंगावर गेली असती आणि आमचा तक्ता फाटला असता. कमल दारात उभी होती. कांचन दोन पावले मागे सरली. तिने हात लांब केला आणि लांबूनच ओतायला तांब्या कलता केला.

बकुळने पाय आत ओढून घेतले. पाणी जमिनीवर पडले.

"काकूजी, ती नाही," बकुळ म्हणाली. "मी."

"काय मी?"

"मी नाही बसू शकत. जुलैपासूनच." आणि मग तो दोन अक्षरी शब्द. कुणी हलेना, तेव्हा मराठी कळली नसेल अशा समजुतीने तिने तो हिंदीतही सांगितला.

आबासाहेबांनी चष्मा पुसला. "चिटणीस, बकुळ किती?"

मी वही पाहिली. "शून्य, साहेब."

"मग असं कसं होईल?" त्यांनी पुन्हा एकदा तिच्या पाचही हलक्यांवरून नजर फिरवली. खरोखर काही नव्हते. "मुलगी चुकते आहे," ते म्हणाले.

त्याच वेळी भटजींनी, कुणी न सांगता, शंख फुंकला. तो त्यांनी बराच वेळ फुंकला. शंखाचा आवाज चालू असतानाच बकुळ पाटावरून उतरली, तिने कांचनच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला, आणि दोघी मागच्या गॅलरीत गेल्या. दुर्गाने चौथ्या पाटावरून एकवार पाहिले आणि परकर वर धरून त्यांच्यामागे पळाली.

मुहूर्त टळत होता. सात मुली आणि दोन रिकामे पाट.

"सुपारी मांडा," भटजी म्हणाले.

शास्त्रात याला आधार आहे. बायको माहेरी असली तर तिच्या जागी सुपारी चालते, देव हजर नसला तर सुपारी चालते. मग मुलगी का नाही? दोन पाटांवर तांदळाच्या ढिगावर दोन सुपाऱ्या ठेवल्या. शकुंतलाकाकूंनी त्यांचे पाय, म्हणजे असते तर जिथे असते तिथे, धुतले आणि पुसले. हळदकुंकू झाले. आबासाहेबांनी वाकून दोन्ही सुपाऱ्या निरखल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी आठवड्यांनी समाधान दिसले. "एकही नाही," ते म्हणाले.

मागच्या गॅलरीत कमलने तीन पाने वाढली. त्या पानांवर काय चालले होते याची मंडळाने दखल घेतली नाही. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा एका वाटीत बेदाण्यांचा ढीग होता आणि दुर्गा त्यातले चोरत होती.

संध्याकाळी मी इतिवृत्त लिहिले. 'पूजन यथासांग पार पडले. कुमारिका नऊ. मुलगी क्रमांक पाच मधेच काही म्हणाली. शंखनादामुळे ऐकू आले नाही.' आबासाहेबांनी सही केली. जिन्यात कमल भेटली.

"ऐकू आलं नाही?" ती म्हणाली. "भाऊजी, तुम्ही तर शंखाच्या आधीच मान खाली घातली होती."

मी म्हटले, प्रकाश कमी होता.

उपसमितीचा अहवाल महिन्याभरात सादर झाला. मुली वाढतात, त्यांना मुरूम येतात, त्या बाक बदलतात, आणि ऐन वेळी खरे बोलतात. ही सामग्री संस्थेच्या कामाला भरवशाची नाही, असा निष्कर्ष त्यात होता. तेव्हापासून आमच्याकडे नऊही पाटांवर सुपाऱ्या असतात. पत्र्याच्या डब्यात, कापूर घालून ठेवतो. त्या कधी मोठ्या झाल्या नाहीत, एकमेकींशी भांडल्या नाहीत, आणि एकीने दुसरीच्या वाटीत काही टाकले नाही. त्यांचे मराठीही निर्दोष आहे. बाहेरगावचे सभासद आमची पद्धत पाहायला येतात.

मुलींचे पुढे काय झाले, हे विषयपत्रिकेत नव्हते. दोघी पुन्हा एका बाकावर बसू लागल्या, पण पहिल्यासारख्या नाही. मधे दप्तर असे, आणि कधीकधी ते नसे. बूंदी हे नाव बकुळने स्वतःलाही लावून घेतले, तेव्हा वर्गाची त्यातली गंमत गेली. कांचनचे मुरूम कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आपले आपण गेले, पंख्याप्रमाणेच.

आता एक शेवटची नोंद. सभेच्या ठरावाशी मी चिटणीस म्हणून आजही बांधलेला आहे. त्यामुळे या सबंध हकिगतीत तो दोन अक्षरी शब्द मी एकदाही लिहिलेला नाही. आपण अगदी पहिल्या कावळ्यापासून सगळे बरोबर समजत आलात. शब्दाच्या जागी मी सुपारी मांडत गेलो आणि आपण तिचे पाय धूत आलात. कुठे अडला नाहीत, आणि कमलसारखे मधेच उठून विचारलेही नाहीत. मंडळाच्या सभासदत्वाला एवढीच पात्रता लागते. अर्ज करण्याची तसदी घेऊ नये. आपले नाव मी पटावर घेतले आहे.